पायथ्यावरची बंगल्यांची स्कीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळ्यापासून बाजारात, ओट्यावर, लग्नाच्या मांडवात या स्कीमला विरोध करणाऱ्या आम्हा समितीतल्या सगळ्यांना तेच प्रश्न विचारले जातात. काही काळजीतून येतात, काही रागातून. दोन्हींना उत्तर द्यायलाच हवं, म्हणून हे पान. लोकांनी जसं विचारलं तसेच प्रश्न ठेवलेत, गोड केलेले नाहीत. मी दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होते, घरी केळी आणि कपाशी आहे. या प्रकरणात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही खाली लिहिली आहे.

नेमकं होतंय तरी काय?

शेवटची केळीची बाग संपते तिथून अंजनाचं जंगल सुरू होतं तिथपर्यंतचा जो दगडगोट्यांचा जिरायती पट्टा आहे, त्यातल्या जमिनी तीन वेगवेगळ्या नावांनी घेतल्या जात आहेत. तिघांचं पत्रक मात्र एकच आहे. कुंपणाच्या आत बंगल्यांचे प्लॉट, क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव आणि प्रत्येक गॅलरीतून सातपुडा. मोजणी झाली, चुन्याच्या रेघा पडल्या, जेसीबीने एक कच्चा रस्ताही काढला. बांधकामाची परवानगी अजून निघालेली नाही. म्हणूनच बोलायचं ते आत्ताच बोलायचं.

डोंगर काही कोणी उचलून नेत नाही. मग विरोध कशाला?

डोंगर राहील. पाण्याचं काय होईल, हा आमचा प्रश्न आहे.

सातपुडा काळ्या पाषाणाचा. वर पडलेलं पाणी तिथे फार मुरत नाही, नाल्यांनी खाली धावतं. डोंगर उतरतो त्या पायथ्याशी नाल्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेले गोटे, रेती आणि वाळू यांचा जाड थर आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. चोपड्यापासून रावेरपर्यंत हा पट्टा डोंगराला धरून चालतो. त्याच्या दक्षिणेला तापीच्या गाळाची जमीन, तिच्यात आपली केळी उभी आहे. या गाळात चिकणमातीचे थर आहेत, वरून पडलेलं पाणी त्यातून खोल उतरायला फार वेळ घेतं. खालच्या विहिरींना आणि ट्यूबवेलना जे पाणी लागतं, त्यातलं बरंचसं या गोट्यांच्या पट्ट्यातून आत शिरतं.

हे पुस्तकात वाचायची गरज नाही. ऑगस्टमध्ये डोंगरात जोराचा पाऊस झाला की शाळेमागच्या नाल्यावर जाऊन उभं राहा. तांबडं पाणी पालापाचोळा आणि सागाची कुजकी पानं पुढे ढकलत येतं. फरशीपाशी गुडघाभर असतं. पाचशे पावलं खाली या, ते घोट्याला लागतं. आणखी खाली वडापाशी या, नुसते ओले दगड. वाकून कान दिला तर गोट्यांमधून चुरचुर आवाज येतो आणि मधेच बुडबुडे फुटतात. माझे सासरे म्हणायचे, "नाला पानी पेतो." एवढा मोठा लोंढा अर्ध्या तासात कुठे गेला, याचं उत्तर खालच्या पाच गावांच्या विहिरींत आहे.

रावेर आणि यावल हे तालुके अतिउपशाचे म्हणून सरकारच्याच भूजल अहवालांत वर्षानुवर्षं येतात. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. पावसाळ्यातलं पाणी याच पायथ्याच्या थरात मुरवायचं, ही त्या योजनेची कल्पना आहे. एकीकडे मुरवण्यासाठी कालवे काढायचे आणि दुसरीकडे त्याच थरावर डांबर, पेव्हर ब्लॉक आणि स्लॅब टाकायचा, हे आम्हाला समजत नाही.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. पत्रकात मलनिस्सारणाचा एक शब्द नाही. म्हणजे शोषखड्डे. चिकण मातीत शोषखड्डा निदान थोडं गाळतो. गोट्यांत खड्डा केला तर मैलापाणी गाळलं न जाता सरळ खाली जाणार. जिथून पाणी विहिरीत येतं, तिथूनच हे येणार.

केळी बंगल्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. तुम्ही कोणत्या तोंडाने बोलता?

हा प्रश्न रागाने विचारला गेला होता, पण बरोबर आहे. आपणच उपसा केला. माझ्या लग्नात आमच्या विहिरीला मोट लावायच्या जागेवरून पाणी दिसायचं. आज तीच विहीर कोरडी आहे आणि पाणी खोल बोअरमधून येतं. ते कोणा बिल्डरने नेलं नाही, आपल्याच मोटारींनी नेलं. ठिबक आलं, तसं पाणी वाचलं. पण वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी केळी लावली.

तरीही दोन गोष्टींत फरक आहे. हौदातून जास्त उपसणं ही एक चूक. हौदात पाणी येण्याची पन्हळच मोडून टाकणं ही दुसरी. पहिली चूक एखाद्या चांगल्या पावसाळ्यात, पिकात बदल करून, विहीर पुनर्भरण करून थोडीफार भरून काढता येते. दुसरी नाही. एकदा शंभर बंगले उभे राहिले की ते उचलून गोटे परत कोणी मोकळे करत नाही.

आणि बोलायचा अधिकार कमवावा लागतो, हेही मान्य. म्हणून समितीत ज्यांची शेती आहे त्या प्रत्येकाने आधी स्वतःच्या विहिरीला किंवा बोअरला पुनर्भरणाचा खड्डा करायचा, असं ठरलं आहे. माझा झाला आहे. ज्यांचा झाला नाही त्यांना मी रोज विचारते.

ज्याची जमीन त्याचा हक्क. विकणाऱ्याला अडवणारे तुम्ही कोण?

आम्ही कोणालाही अडवलेलं नाही, अडवणार नाही.

विकणाऱ्यांमध्ये माझे चुलत दीर आहेत. जूनच्या वादळाने एक बाग आडवी झाली, पुढच्या वर्षी सीएमव्ही हा केळीचा विषाणूरोग आला आणि हजारो रोपं उपटून बांधावर टाकावी लागली. सोसायटीचं कर्ज, धाकट्या मुलीचं लग्न. पायथ्याची ती पाच एकर वर्षाला चार पोती तूर द्यायची. तिला कोणी एकरकमी पैसे देतो म्हणाला, तर त्यांनी काय करायला हवं होतं? मीही कदाचित तेच केलं असतं. गावात त्यांना कोणी गद्दार म्हटलं तर पहिलं भांडण माझ्याशी होईल.

आमचं म्हणणं जमीन विकण्याबद्दल नाही, त्या जमिनीवर पुढे काय होतं त्याबद्दल आहे. शेतीची जमीन शेतीसाठी विकली तर कोणाचं काही जात नाही. तिचा वापर बदलला की खालच्या पाच गावांचा संबंध येतो, आणि म्हणूनच वापर बदलायला कायद्याने परवानगी लागते.

विकणाऱ्या भावांना मात्र एक कळकळीची विनंती. खरेदीखत करून पूर्ण पैसे घेऊन मोकळे व्हा, ते वेगळं. पण इसार घेऊन साठेखत आणि सोबत कुलमुखत्यारपत्र, असला व्यवहार करू नका. कुलमुखत्यारपत्र दिलं की तुमच्या नावाने अर्ज होतात, तुमच्या नावाने नाहरकती दिल्या जातात, आणि उद्या नाला बुजवल्याची नोटीस आली तर तीही तुमच्याच नावाने येते. दोघांच्या घरी आजच अशी कागदपत्रं आहेत आणि त्यांना त्यात काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. सही करण्याआधी कागद एक रात्र घरी ठेवा, शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या.

बाहेरच्या माणसाला शेतजमीन घेता येते का मुळात?

कूळ कायद्याच्या (१९४८) कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा कागदोपत्री शेतकरी असलेला कोणी पुढे केला जातो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर अटी असलेली जमीन, असेल तर विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

तडवी आणि पावरा बांधवांच्या जमिनीचं वेगळं आणि महत्त्वाचं आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्री असेल तर त्यासाठी राज्य शासनाचीही आधी मान्यता हवी. फक्त विक्रीच नव्हे, गहाण, भाडेपट्टा, बक्षीस, अदलाबदल हे सगळं त्यात येतं. "विकत नाही, नुसती लीजवर देतोय" असं कोणी पटवत असेल तर तेही कलमाच्या आतच आहे. वरच्या पाड्यावरच्या तिघांना असंच सांगितलं गेलं होतं.

पण ते म्हणतात ही फार्महाऊस आहेत, शेतीतच बसतात.

शेतघराची व्याख्या ठरलेली आहे. किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन हवी, आणि ०.४ ते ०.६ हेक्टरच्या जमिनीवर जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंतच. शिवाय घर शेती करणाऱ्याच्या सोयीसाठी. दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे, त्यावर दुमजली बंगला, मधून डांबरी रस्ता आणि फाटकावर वॉचमन, याला शेतघर म्हणत नाहीत. तुकडेबंदी कायदा आहे तो वेगळाच.

एनए झालं तर सगळं संपलं का?

नाही. पण एनएची, म्हणजे बिनशेतीची, जुनी समजूतही आता पुरत नाही. पूर्वी प्रत्येक वेळी कलम ४४ खाली बिनशेतीची वेगळी परवानगी लागायची. नंतर संहितेत ४२-अ ते ४२-ड ही कलमं आली आणि जिथे मंजूर आराखड्यात जमीन निवासी दाखवलेली आहे किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे, तिथे हे काम सोपं झालं. म्हणून प्रश्न आता असा विचारायचा: प्रादेशिक योजनेच्या नकाशात या गटाचा विभाग कोणता? शेती, निवासी की वन? आणि २०० मीटर मोजले ते कुठून?

हे मोजणं आम्ही स्वतः केलं. टेप घेऊन, दोन पोरं आणि मी. गावठाणाच्या दगडापासून पहिल्या चुन्याच्या रेघेपर्यंत २०० मीटरचा हिशेब कुठेच बसत नाही. कोणी वरच्या पाड्याला गावठाण धरत असेल, तर तसा कागद दाखवावा. आम्ही तो मागितला आहे.

विभाग बदलायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २० खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात येते आणि हरकती मागवल्या जातात. मुदत सूचनेतच लिहिलेली असते. दिवस त्या तारखेपासून मोजा, तुमच्या हातात कागद पडला त्या दिवसापासून नव्हे.

शिवाय चढाचा नियम आहे. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही. पाच पावलं पुढे जाताना एक पाऊल वर चढावं लागत असेल तर तो असा उतार. स्कीमचा वरचा भाग, जिथले प्लॉट सगळ्यात महाग आहेत, तो डोळ्यांनीच असा दिसतो. मोजणी सरकारी हवी, म्हणून तसा अर्ज दिला आहे.

जंगलखातं काही बोलत नाही का?

वनजमीन असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होतो आणि केंद्राच्या मान्यतेशिवाय तिथे काहीच होत नाही. इथली जमीन खाजगी आहे, त्यामुळे त्यांचं थेट काम कमी. पण यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, आणि अभयारण्यांभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात बांधकामावर आणि रिसॉर्टवर बंधनं येतात. कोणते गट त्यात येतात ते अधिसूचनेतल्या नकाशावरून ठरतं, ऐकीव गोष्टीवरून नाही. पूर्वेला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे वाघ आहेत. पायथ्यावरच्या कुंपणांनी आणि रात्रीच्या दिव्यांनी जनावरांच्या वाटा तुटतात. अस्वल आणि बिबट्या मग कोणाच्या बागेत येणार, हे गावातल्या रात्रपाळीने पाणी भरणाऱ्यांना विचारा.

एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी का नाही?

मीही हेच विचारत होते, आणि उत्तर ऐकून वाईट वाटलं. पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. ५० हेक्टर किंवा १,५०,००० चौरस मीटरपासून पुढे ते नगरवसाहत म्हणून आणखी कडक तपासलं जातं. पण बांधकाम आणि वसाहतीच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. खाणीला सुनावणी, कारखान्याला सुनावणी, घरांना नाही. मला हे चूक वाटतं. खालच्या गावाच्या पाण्यावर परिणाम होतो तेव्हा वर कारखाना आहे की बंगला, याने काय फरक पडतो?

पण सुनावणी नाही म्हणजे बोलायला जागाच नाही, असं नाही. मंजुरीचा अर्ज "परिवेश" संकेतस्थळावर येतो आणि राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे लेखी निवेदन देता येतं. आमचा मुख्य मुद्दा तिथला हाच: तीन नावं, तीन ले-आउट, पण रस्ता एक, पाण्याची टाकी एक, पत्रक एक. २०,०००च्या खाली राहण्यासाठी तुकडे पाडले असतील तर ते एकत्र मोजा.

ग्रामपंचायतीने तर नाहरकत दिली म्हणे?

दिली. तिच्या खाली माझीही सही आहे.

ग्रामसभा होती. पाऊस होता, सभागृह गळत होतं, घाईघाईत हजेरीची वही फिरली आणि आम्ही सह्या केल्या. विषयपत्रिकेत शेवटी "ऐनवेळचे विषय" असं होतं. तो विषय वाचला गेला तेव्हा अर्धी माणसं उठली होती. इतिवृत्ताची प्रत दोन महिन्यांनी हातात आली, तेव्हा कळलं की त्या सह्यांच्या मागे "पर्यटन विकासास ग्रामसभेची हरकत नाही" असा ठराव आहे. पर्यटन! मी दहा वर्षं सदस्य होते. ठराव लिहून होईपर्यंत वही सोडायची नाही, हे मीच नव्या बायकांना शिकवायचे. त्या दिवशी मी स्वतः घरी निघून आले, कारण गोठ्यात म्हैस व्यायला झाली होती. ही सबब नाही, घडलं ते सांगते आहे.

त्यातून शिकलेलं असं. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते. सभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती नुसती कागदावर होऊ देऊ नका. ठराव मोठ्याने वाचून घ्या, सूचक आणि अनुमोदकाचं नाव लिहिलं का ते बघा, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून घ्या, मग उठा. मोबाईलवर पानाचा फोटो काढा. विषय ऐनवेळचा असेल तर हरकत तिथेच नोंदवायला लावा.

आम्ही विशेष ग्रामसभेची मागणी केली, ती झाली, आणि नवा ठराव झाला: पायथ्याच्या पट्ट्यात निवासी वापराला गावाचा विरोध आहे. बायका सर्वांत जास्त होत्या. पाणी भरायला उन्हाळ्यात कोण जातं, ते लक्षात घेतलं तर नवल नाही.

मात्र खरं सांगते, आपल्या गावासारख्या गावात हा ठराव म्हणजे ब्रह्मास्त्र नाही. परवानगी देणारे जिल्हाधिकारी आणि नगररचना विभाग. ठराव त्यांच्यापुढे एक भक्कम कागद म्हणून जातो. अनुसूचित क्षेत्रातल्या गावाची ताकद जास्त आहे. चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली काही गावं पेसा कायद्याखाली (१९९६) येतात, आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. वरच्या पाड्याने त्यासाठी अर्ज केला आहे. वनहक्क कायद्याखालचा (२००६) त्यांचा सामूहिक दावा वेगळा चालू आहे.

पांधण रस्त्यावर तार ओढली आहे आणि नाल्यात मुरूम टाकलाय. आता काय?

हे सगळ्यात तातडीचं, कारण याला मुदत आहे. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आधी गाव नकाशाची प्रत काढा. नाला त्यात दाखवलेला असतो. संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाले सरकारी मालकीचे. कोणाच्या शेतातून वाहतो म्हणून तो त्याचा होत नाही. तारेचा, मुरुमाचा फोटो काढा, त्याच दिवसाची तारीख दिसेल असा.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा टाकू?

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. "सगळी माहिती द्या" लिहिलं तर काहीच मिळत नाही. गट क्रमांक लिहा, कागदाचं नाव लिहा: ले-आउटचा नकाशा, नगररचनेचा अभिप्राय, तलाठ्याचा पंचनामा, भूजल विभागाचा दाखला. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. आणि नुसत्या प्रती मागण्याऐवजी फाइल बघायची परवानगी मागा. फाइलमध्ये अधिकाऱ्यांनी कडेला मारलेले शेरे असतात, खरी गोष्ट बहुतेक तिथे कळते.

फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर दिसते. हरकतीला १५ दिवस.

हरकत लिहायची कशी? आमच्याकडून सह्यांचं छापील निवेदन घेतलंत, ते पुरत नाही का?

पुरत नाही. दोनशे सह्यांचा एकच कागद ही एक हरकत धरली जाते. वीस जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या अनुभवाने लिहिलं तर त्या वीस होतात.

"निसर्गसौंदर्य नष्ट होईल" हे खरं असलं तरी त्यावर अधिकारी काही करू शकत नाही. असं लिहा: "माझा गट क्रमांक अमुक. माझ्या शेतात येणारा नाला गाव नकाशात गट क्रमांक तमुकमधून येतो. सादर केलेल्या ले-आउटमध्ये तो दिसत नाही, त्या जागी प्लॉट आहेत. माझ्या विहिरीला पावसाळ्यानंतर याच नाल्याच्या काठाने पाणी येते. स्थळपाहणी करावी." एवढंच. सोबत सातबारा, नकाशाची प्रत आणि विहिरीचा फोटो. कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नाही तर हरकत नाही.

रोजगार येणार होता. पोरांना वॉचमन, माळी म्हणून काम मिळालं असतं.

मिळालं असतं, थोड्यांना. ज्यांची स्वतःची जमीन होती त्यांनी त्याच जमिनीवर वॉचमन व्हायचं, हे मला बोलवत नाही. पण पोटाचा प्रश्न मोठा आहे आणि तो आम्ही उडवून लावत नाही.

मी त्या स्कीममध्ये प्लॉट बुक केलाय. मी तुमचा शत्रू आहे का?

नाही. जळगावला, भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. निवृत्तीनंतर झाडाखाली दोन खोल्या असाव्यात, असं कोणालाही वाटेल. फक्त आधी हे बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्लॉटच्या स्कीमलाही महारेराची नोंदणी लागते आणि जाहिरातीत तो क्रमांक असायलाच हवा. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आमच्या हाती आलेल्या पत्रकावर क्रमांक नाही. आणि पाणी कुठून येणार हे लेखी मागा. "बोअर आहे" हे उत्तर ऐकून थांबू नका, एप्रिलमध्ये येऊन ती बोअर चालू करायला सांगा.

पोलिसांची नोटीस आली तर?

घाबरू नका, फाडू नका, वकिलाला दाखवा. निवेदन, हरकत, माहिती अर्ज, ग्रामसभेत बोलणं यातलं काहीही गुन्हा नाही. चुन्याच्या रेघा पुसणं, खांब उपटणं, मशिनवर दगड मारणं हे मात्र आपल्यापैकी कोणीही करायचं नाही. एका रात्री दोन पोरं निघाली होती, त्यांना घरी बसवून चहा पाजून परत पाठवलं.

तरीही मंजुरी मिळाली तर कोर्टात जाणार का?

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो. आपल्यासाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागितली नसेल तर फी हजार रुपये. खर्च फीचा नसतो, वकिलाचा आणि फेऱ्यांचा असतो. म्हणून आत्ताची कागदं नीट ठेवणं हाच पुढचा खटला. समितीची सगळी कागदं तीन घरांत, तीन प्रतींत आहेत.

मी पुण्यात राहतो, जमीन अजून बाबांच्या नावावर आहे. माझं काय काम?

बाबांना फोन करून विचारा की त्यांनी कशावर सही केली आहे. आजच. मग बाकीचं.

बंगले नकोत, ठीक. मग त्या पट्ट्याचं करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात कमी जणांनी विचारला आणि सगळ्यात आवडला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने आपलं जंगल स्वतः राखलं, पाणी आलं, रानभाज्यांचा उत्सव सुरू केला, लोक तिथे बघायला येतात. चैत्राम पवार यांना २०२५ ची पद्मश्री जाहीर झाली ती त्याच कामासाठी. धुळे तालुक्यातल्या लामकानीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उघडे डोंगर गवताने भरले. 

आपल्या पट्ट्यात सलग समतल चर, नाल्यावर दगडी बांध, बांधाला चारोळी आणि सीताफळ, आणि ज्यांची जमीन मुरवण्यासाठी मोकळी राहते त्यांना खालच्या बागायतदारांनी दरसाल काही द्यायचं, असा विचार चालू आहे. शेवटचा मुद्दा कठीण आहे. खालची गावं अजून हो म्हणालेली नाहीत. पण वरच्याने पाणी मुरवायचं, खालच्याने केळी पिकवायची आणि वरच्याला काहीच नाही, हे असंच चाललं तर वरचा विकणारच. दिरांनी मला तेच ऐकवलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला कायदा कळत नाही, बैठकीला वेळ नाही. मी काय करू?

विहीर मोजा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मोटार सुरू करण्याआधी, सकाळी. सुती दोराला दगड बांधा, दर फुटाला गाठ मारा. दोर काठावरच्या एकाच जागेवरून सोडा; ती जागा रंगाने खूण करून ठेवा. दगड पाण्याला लागला की आवाज येतो. ओला भाग सोडून वरच्या गाठी मोजा आणि वहीत लिहा: तारीख, गट क्रमांक, किती फूट, आदल्या आठवड्यात पाऊस किती. बोअर असेल तर मोटार किती वेळ पूर्ण धारेने चालते ते लिहा. वही दुकानात ठेवली आहे, निळ्या पुठ्ठ्याची. आत्तापर्यंत एकोणीस विहिरी आहेत. नाल्याच्या पूर्वेकडची एकही नाही, तिथल्या कोणीतरी सुरुवात करा.